जेल बनले नाही, एवढ्याने भागत नाही: बॅक्टेरियल एंडोटॉक्सिनची तपासणी करताना

एक तास संपला की हीटिंग ब्लॉकमधून परीक्षानळी अलगद उचलायची, एकाच संथ हालचालीत ती पूर्ण उलटी करायची आणि आतला द्रव काचेवरून ओघळला तर वहीत उणे चिन्ह लिहायचे. बॅक्टेरियल एंडोटॉक्सिनची जेल-क्लॉट तपासणी वरवर पाहता एवढीच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांमध्ये ही तपासणी करताना आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना ती शिकवताना माझ्या लक्षात आले की, हात बसायला फार तर पंधरा दिवस लागतात. एक प्रश्न मात्र मनात मुरायला बराच अधिक काळ जातो. जेल बनले नाही ते नमुन्यात एंडोटॉक्सिन नव्हते म्हणून, की होते, पण आपल्या लायसेटला, म्हणजे एंडोटॉक्सिन भेटले की जेल बनवणाऱ्या अर्काला, ते दिसले नाही म्हणून? सलाइनची बाटली थेट शिरेत रिकामी होणार असते, तेव्हा या दोन शक्यतांमधला फरक रुग्णाच्या अंगावर निघतो. खाली जी कृती दिली आहे तिच्यातील जवळपास प्रत्येक पायरी याच एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड. त्यातील लिपिड-ए हा भाग शरीरात ताप, थंडी वाजणे, रक्तदाब घसरणे आणि प्रमाण मोठे असेल तर प्राणघातक शॉक घडवून आणतो. जिवाणू मेला तरी हा पदार्थ मागे राहतो, किंबहुना जिवाणू फुटल्यावरच तो मोठ्या प्रमाणात सुटा होतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला जिवाणू मरतात, पण एंडोटॉक्सिनचे फारसे काही बिघडत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही ते पलीकडे जाते. म्हणून निर्जंतुकतेच्या तपासणीत उत्तीर्ण झालेली बॅच एंडोटॉक्सिनच्या तपासणीत नापास होऊ शकते, आणि त्यात विसंगत असे काहीच नसते. एंडोटॉक्सिन खात्रीने नष्ट करण्याचा प्रयोगशाळेतील मार्ग म्हणजे कोरडी उष्णता: २५० अंशांना किमान ३० मिनिटे.

पूर्वी हे काम सशांवर होत असे. कानाच्या शिरेतून औषध टोचून त्यांचे तापमान मोजायचे, ही पद्धत अमेरिकी औषधकोशात १९४२ साली आली. पुढे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये हॉर्सशू क्रॅब या, घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या समुद्री प्राण्याचे रक्त ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंमुळे गोठते असे नोंदवले आणि जॅक लेव्हिन यांच्यासह १९६० च्या दशकात त्यामागील प्रक्रिया उलगडली. आज वापरले जाणारे लायसेट हे त्या प्राण्याच्या रक्तपेशी फोडून मिळवलेला अर्क होय. वर्तमानपत्रांना ‘निळ्या रक्ता’चे फार कौतुक असते, पण निळा रंग तांबे असलेल्या हिमोसायनिनचा आहे आणि आपले काम करणारी प्रथिने रक्तपेशींमध्ये असतात, निळ्या द्रवात नव्हे. एंडोटॉक्सिनमुळे फॅक्टर-सी जागृत होतो, तो फॅक्टर-बीला, फॅक्टर-बी पुढच्या एन्झाइमला, आणि शेवटी कोॲग्युलोजेन नावाच्या प्रथिनाचे घट्ट जेल बनते. ही साखळी पुढे उपयोगी पडेल, कारण तिच्यातील कोणतीही कडी नमुन्यातील एखाद्या घटकाने अडवली, तर एंडोटॉक्सिन असूनही जेल बनत नाही.

नळीला हात लावण्यापूर्वी कागदावरचे काम

तपासणीची सुरुवात आकडेमोडीपासून करावी. प्रत्येक उत्पादनासाठी एंडोटॉक्सिनची मर्यादा ठरलेली असते. औषधकोशातील मोनोग्राफमध्ये, म्हणजे त्या औषधावरील नोंदीत, ती दिली असेल तर तीच घ्यावी. उदाहरणार्थ, इंजेक्शनसाठी वापरायच्या पाण्याची मर्यादा दर मिलिलिटरला ०.२५ एंडोटॉक्सिन युनिट आहे. मर्यादा दिलेली नसेल तर ती के भागिले एम या सूत्राने काढावी. शिरेतून किंवा स्नायूतून द्यायच्या औषधांसाठी के म्हणजे दर किलो वजनाला दर तासाला ५ युनिट, तर मज्जारज्जूच्या आवरणात द्यायच्या औषधांसाठी फक्त ०.२ युनिट, एम म्हणजे दर किलो वजनाला एका तासात दिली जाणारी औषधाची कमाल मात्रा. समजा, एखादे इंजेक्शन ७० किलो वजनाच्या माणसाला एका तासात जास्तीत जास्त ७०० मिलिग्रॅम दिले जाते. मग एम झाला दर किलोला १० मिलिग्रॅम आणि मर्यादा झाली दर मिलिग्रॅमला ०.५ युनिट.

यानंतर काढायचे ते महत्तम ग्राह्य विरलन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे एमव्हीडी म्हणतात. नमुना किती पटींपर्यंत पातळ केला तरी मर्यादेइतके एंडोटॉक्सिन लायसेटला दिसू शकेल, हे त्यावरून कळते. त्याचे सूत्र असे: मर्यादा गुणिले औषधाची तीव्रता, भागिले लॅम्डा. लॅम्डा म्हणजे लायसेटची संवेदनशीलता, दर मिलिलिटरला ज्या किमान एंडोटॉक्सिनला ते जेल बनवते तो आकडा. वरच्या इंजेक्शनची तीव्रता दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असेल आणि लायसेट ०.१२५ युनिटचे असेल, तर ०.५ गुणिले ५०, भागिले ०.१२५, म्हणजे २०० पट. या आकड्याच्या पुढे विरलन नेले की आलेल्या उणे निकालाला काहीही अर्थ उरत नाही, कारण मर्यादेबाहेरचा नमुनासुद्धा इतका पातळ झालेला असतो की तो लायसेटच्या नजरेतून सुटतो.

०.०३ युनिटचे लायसेट घेतले तर एमव्हीडी चौपटीहून अधिक वाढतो आणि नमुन्यातील अडथळे पाण्यात विरवून टाकायला जास्त वाव मिळतो. म्हणून पुष्कळ जण सरसकट तेच मागवतात. माझे मत थोडे वेगळे आहे: जितके लायसेट तीक्ष्ण, तितकी आपली काच, पाणी, पिपेटच्या टीपा आणि हात अधिक स्वच्छ असायला हवेत, आणि नवशिक्यांच्या प्रयोगशाळेत त्याचा परिणाम म्हणून रोज खोटे ‘अधिक’ (पॉझिटिव्ह) निकाल येत राहतात. उत्पादनाला गरज नसेल तर ०.१२५ ने सुरुवात करावी.

काच, पाणी आणि लायसेट

जेल-क्लॉटसाठी १० बाय ७५ मिलिमीटरच्या बोरोसिलिकेट काचेच्या नळ्या वापरल्या जातात. त्या धुऊन, शेवटी इंजेक्शनच्या पाण्याने विसळून, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून हॉट एअर ओव्हनमध्ये २५० अंशांना ठेवाव्यात. ३० मिनिटांची मोजणी ओव्हनचा काटा २५० वर गेल्यापासून करायची नसून आतल्या भारातील सर्वांत थंड जागा त्या तापमानाला पोहोचल्यापासून करायची आहे. गच्च भरलेल्या ओव्हनमध्ये या दोन क्षणांत बरेच अंतर पडते. ओव्हन हे काम खरोखर करतो का, हे पाहण्यासाठी १००० युनिट किंवा त्याहून अधिक एंडोटॉक्सिन लावलेल्या कुप्या आत ठेवून ते एक हजारांश किंवा त्याहून कमी झाले आहे, म्हणजेच किमान तीन लॉगने घटले आहे, असे दाखवावे लागते. नळ्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे लावू नयेत. कापसातून सुटणारे ग्लुकन (एक बहुशर्करा) फॅक्टर-जी या दुसऱ्याच वाटेने लायसेटमध्ये जेल बनवू शकते आणि मग नसलेल्या एंडोटॉक्सिनचा शोध सुरू होतो. मायक्रोपिपेटच्या टीपा एंडोटॉक्सिनमुक्त असल्याचे प्रमाणपत्र असलेल्याच घ्याव्यात. ऑटोक्लेव्ह केलेल्या टीपा निर्जंतुक असतात, पण या कामाला त्या चालतीलच असे नाही.

विरलनासाठी वापरायचे पाणी म्हणजे लॅल रिएजंट वॉटर (लॅल म्हणजे हेच लायसेट). ते ज्या लायसेटसोबत वापरायचे, त्या लायसेटच्या शोधमर्यादेत त्यात प्रतिक्रिया येता कामा नये. स्वतःच्या संयंत्रातील इंजेक्शनचे पाणी वापरून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मर्यादा ०.२५ असलेले पाणी ०.०३ च्या लायसेटला दाखवले की काय होते, हे त्यांना लवकरच कळते.

लायसेटची कुपी २ ते ८ अंशांना ठेवलेली असते. फ्रिजमधून काढल्याबरोबर ती उघडू नये, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा नवी मुंबईच्या हवेत थंड काचेवर क्षणात दव साचते. बंद कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. बुचाला चिकटलेली भुकटी बोटाने हलके टिचकी मारून खाली पाडावी, सांगितलेले पाणी कडेने सोडावे आणि कुपी हळुवार गोल फिरवावी. लायसेटला व्होर्टेक्स, म्हणजे नळी जोराने घुसळणारे यंत्र, लावू नये, कारण फेस आला की प्रथिने बिघडतात. याच्या नेमके उलट वागणे एंडोटॉक्सिनच्या प्रमाणित द्रावणाबाबत अपेक्षित असते, आणि हे दोन नियम एकमेकांत अदलाबदल होणे ही पहिल्या आठवड्यातील नेहमीची चूक आहे.

एंडोटॉक्सिनची शिडी

तुलनेसाठी वापरायचे प्रमाणित एंडोटॉक्सिन, म्हणजे कंट्रोल स्टँडर्ड एंडोटॉक्सिन किंवा सीएसई, कुपीत घट्ट चिकटून बसते. पाणी घातल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ, बहुधा १५ मिनिटे, ते व्होर्टेक्सवर जोराने हलवावे लागते आणि त्यानंतरच्या प्रत्येक विरलनाला किमान अर्धा ते एक मिनिट. हे कंटाळवाणे काम आहे, आणि म्हणूनच ते लोक टाळतात. एंडोटॉक्सिनचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके करतात आणि भांड्याच्या भिंतीलाही धरून बसतात. नीट हलवले नाही तर पहिल्या नळीतून दुसऱ्या नळीत नेमके किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. पॉलिप्रोपिलीनच्या नळीत हे चिकटणे जास्त होते, म्हणून काच किंवा पॉलिस्टायरीन बरे.

समजा, सीएसई विरघळवल्यावर दर मिलिलिटरला १०० युनिट झाले. हा आकडा सीएसई आणि लायसेट यांच्या लॉटच्या जोडीसाठी दिलेल्या विश्लेषण प्रमाणपत्रावरून घ्यावा, जुन्या वहीतून उतरवू नये. त्यातील १ मिलिलिटर ९ मिलिलिटर पाण्यात घातले की १० युनिट, पुन्हा तसेच केले की १ युनिट. यापुढे समान भाग पाणी मिसळत उतरावे: ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५ आणि ०.०३१२५. लॅम्डा ०.१२५ असेल तर शेवटच्या चार पायऱ्या दोन लॅम्डा, एक लॅम्डा, अर्धा लॅम्डा आणि पाव लॅम्डा झाल्या. लायसेटचा नवा लॉट आला की या चारही पायऱ्या प्रत्येकी चार नळ्यांत लावून त्याची लेबलवरील संवेदनशीलता आपल्या हातांनी खरी करून घ्यावी. प्रत्येक ओळीत जेल ज्या शेवटच्या पायरीवर बनले तो अंत्यबिंदू. चार अंत्यबिंदूंची भूमितीय सरासरी अर्धा लॅम्डा ते दोन लॅम्डा यांच्या दरम्यान यावी लागते. तीन ओळी ०.१२५ वर आणि एक ०.०६२५ वर थांबली तर सरासरी सुमारे ०.१०५ येते, लायसेट स्वीकारता येते, मात्र पुढच्या सर्व गणितांत लेबलवरचाच लॅम्डा वापरायचा असतो.

चार जोड्या

आता प्रत्यक्ष मर्यादा-तपासणी. औषधकोशांमध्ये सहा पद्धती आहेत, दोन जेल-क्लॉटच्या, दोन गढूळपणाच्या आणि दोन रंगाच्या. वाद उद्भवला, तर मोनोग्राफमध्ये वेगळे सांगितले नसल्यास जेल-क्लॉट मर्यादा-तपासणीचा निकाल अंतिम धरतात. तिच्यात चार द्रावणे लागतात आणि प्रत्येक द्रावण दोन नळ्यांत घेतात. ए म्हणजे एमव्हीडीच्या आत पातळ केलेला नमुना. बी म्हणजे तितकाच पातळ केलेला नमुना, ज्यात मुद्दाम दोन लॅम्डा एंडोटॉक्सिन घातले आहे. यालाच पीपीसी (पॉझिटिव्ह प्रॉडक्ट कंट्रोल) म्हणतात. सी म्हणजे नुसत्या पाण्यात दोन लॅम्डा. डी म्हणजे नुसते पाणी.

यांपैकी बी हा या तपासणीचा कणा आहे. नमुन्याच्या सहवासात असतानाही लायसेट ठरावीक एंडोटॉक्सिन ओळखू शकते, हे त्यावरूनच सिद्ध होते. बी अधिक आले तरच ए च्या उणे चिन्हावर विश्वास ठेवता येतो. आणि नेमकी बी बनवतानाच एक चूक इतक्या सहजतेने होते की ती करणाऱ्याला चूक केल्याचा पत्ताही लागत नाही. नमुना २० पट पातळ करून ए म्हणून वापरला, मग त्याच द्रावणाचा अर्धा मिलिलिटर घेऊन त्यात अर्धा मिलिलिटर चार लॅम्डाचे एंडोटॉक्सिन घातले. एंडोटॉक्सिन बरोबर दोन लॅम्डा झाले, पण नमुना आता ४० पट पातळ झाला. २० पटींवर जो अडथळा लायसेटचे तोंड दाबून धरत होता, तो ४० पटींवर नाहीसा झाला असेल, तर बी छान जेल दाखवील, ए उणे राहील आणि बॅच सुटेल. योग्य रीत अशी की बी साठी नमुन्याचे १० पट विरलन वेगळे करावे आणि त्यात समान भाग चार लॅम्डा मिसळावे, म्हणजे नमुना २० पट आणि एंडोटॉक्सिन दोन लॅम्डा, दोन्ही एकाच वेळी साधते. दुसऱ्याच्या वहीची तपासणी करताना मी सर्वांत आधी हेच पान उघडतो.

नमुन्यांचा क्रम डी, ए, बी, सी असा ठेवावा, म्हणजे स्वच्छाकडून दूषिताकडे हात जातो. प्रत्येक नळीत ०.१ मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि त्याच क्रमाने ०.१ मिलिलिटर लायसेट घालावे. लायसेट पडल्या क्षणापासून प्रतिक्रिया सुरू होते, म्हणून नळ्या पुष्कळ असतील तर त्या लहान गटांत लावून प्रत्येक गटाची वेळ स्वतंत्र लिहावी. नळी हलकेच मिसळून ३७ अधिक-उणे १ अंशाच्या ब्लॉकमध्ये ६० अधिक-उणे २ मिनिटे ठेवावी, आणि या तासाभरात तिला स्पर्शही करू नये. बनत असलेले जेल हादऱ्याने मोडले की पुन्हा जुळत नाही. कुतूहलापोटी चाळिसाव्या मिनिटाला नळी तिरकी करून पाहणाऱ्याने ती नळी गमावली असे समजावे.

हादरे फक्त माणसाच्या हातून येतात असे नाही. रबाळ्यात मी काम करत असलेल्या एका प्रयोगशाळेत दुपारच्या तपासणीत सी द्रावण अधूनमधून उणे येई आणि सकाळच्या तपासणीत कधीच येत नसे. लायसेट, सीएसई, माणूस, सगळे बदलून पाहिले. अखेरीस लक्षात आले की हीटिंग ब्लॉक ज्या पत्र्याच्या टेबलावर होता, त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुपारच्या पाळीत सेंट्रिफ्यूज चालू असे. ब्लॉक भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या ओट्यावर हलवला आणि प्रश्न मिटला. तळमजल्यावर आणि रस्त्याला लागून प्रयोगशाळा असेल, तर बाहेरून जाणाऱ्या अवजड वाहनांचाही असाच विचार करावा. ओट्यावर पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवून त्याच्या पृष्ठभागावर लहरी उठतात का ते पाहणे, ही फुकटची आणि पुरेशी चाचणी आहे.

वाचन करताना नळी १८० अंशांत एकदाच उलटी करावी. घट्ट जेल तळाशी तसेच टिकून राहिले तर अधिक. बाकी सगळे उणे. दाटसर झाले आहे, गढूळ दिसते, अर्धे सरकले, असल्या मधल्या नोंदींना या तपासणीत जागा नाही. सी दोन्ही नळ्यांत अधिक, डी दोन्हींत उणे आणि बी दोन्हींत अधिक असेल, तरच तपासणी वैध. मग ए च्या दोन्ही नळ्या उणे असतील तर नमुना उत्तीर्ण. ए ची एक अधिक आणि एक उणे आली तर पुन्हा तपासणी करावी, आणि त्या वेळी एक जरी अधिक आली तरी नमुना नापास. दोन्ही अधिक आल्या, पण विरलन एमव्हीडीपेक्षा कमी होते, तर एमव्हीडीपर्यंतच्या मोठ्या विरलनावर तपासणी पुन्हा करता येते.

बी गप्प बसला तर

बी उणे येणे म्हणजे नमुन्याने लायसेटला अडवले. हा नमुना चांगला की वाईट, याविषयी आपण अजून काहीच बोलू शकत नाही. पहिला उपाय विरलन वाढवणे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होते. न झाल्यास पीएच पाहावा: लायसेट आणि नमुना यांच्या मिश्रणाचा पीएच ६ ते ८ च्या दरम्यान हवा. तो वेगळ्या काढलेल्या भागात मोजावा, कारण इलेक्ट्रोड बुडवलेला नमुना तपासणीच्या उपयोगाचा राहत नाही. पीएच दुरुस्त करायला एंडोटॉक्सिनमुक्त आम्ल, अल्कली किंवा बफर लागते. औषधात ईडीटीए किंवा सायट्रेट असेल तर ते लायसेटला लागणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे आयन पळवून नेते. अशा वेळी मॅग्नेशियमयुक्त बफर उपयोगी पडतो. हेपरिन हा तर अडथळ्यांचा जुना मानकरी आहे. उलट्या बाजूने, सेल्युलोजच्या गाळणीतून गेलेल्या नमुन्यात ग्लुकन उतरून खोटे अधिक निकाल येतात; त्यासाठी ग्लुकनची वाट बंद करणारा बफर मिळतो.

नव्या उत्पादनासाठी हा सगळा अभ्यास सहसा तीन बॅचवर आधीच करून ठेवतात आणि औषधाचे सूत्र, उत्पादनाची रीत किंवा लायसेटचा पुरवठादार बदलला की तो नव्याने करतात. प्रथिनजन्य औषधांत आणखी एक अवघड प्रकार आढळतो. सायट्रेट किंवा फॉस्फेट आणि पॉलिसॉर्बेट एकत्र असलेल्या द्रावणात घातलेले एंडोटॉक्सिन लगेच तपासले तर दिसते, पण काही तासांनी किंवा दिवसांनी दिसेनासे होते. पीपीसीत एंडोटॉक्सिन ऐनवेळी घातले जात असल्याने पीपीसी हा प्रकार पकडू शकत नाही. त्यासाठी मूळ, न पातळ केलेल्या औषधातच एंडोटॉक्सिन घालून ठरावीक काळाने ते पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

डी अधिक आले तर नमुन्याकडे वळूनही पाहू नये. पाणी, नळ्या, टीपा, लायसेट आणि हात, एवढेच संशयित आहेत. एका वेळी एकच बदलावा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत सलग तीन दिवस डी अधिक येत होते आणि मी घाबरून सगळे साहित्य एकदम बदलले. चौथ्या दिवशी निकाल स्वच्छ आला, पण कारण कायमचे हरवले, आणि वरिष्ठांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंत्रावरची तपासणी

रोज नमुने मोठ्या संख्येने येत असतील तर कायनेटिक पद्धत सोयीची पडते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये गढूळपणा किंवा ४०५ नॅनोमीटरवर दिसणारा पिवळा रंग ठरावीक पातळी गाठायला किती वेळ घेतो, हे रीडर मोजतो. एंडोटॉक्सिन जास्त तितका वेळ कमी. प्रमाणित वक्राचा सहसंबंध गुणांक, चिन्ह सोडून, किमान ०.९८० असावा आणि नमुन्यात घातलेले एंडोटॉक्सिन ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत मिळावे. येथेही प्रश्न तोच आहे, फक्त होय-नाहीच्या जागी टक्के आले. पडद्यावर ०.००५ पेक्षा कमी असा देखणा आकडा पाहून समाधान मानण्याआधी शेजारच्या रकान्यातील पुनर्प्राप्ती वाचावी. नमुना स्वतःच पिवळा किंवा गढूळ असेल तर रंगाची व गढूळपणाची पद्धत अनुक्रमे त्रासदायक ठरते, आणि मग साधी नळीच बरी वाटते.

लायसेटऐवजी जनुकीय तंत्राने बनवलेला फॅक्टर-सी हाही आता प्रस्थापित पर्याय आहे. सिंगापूरमधील डिंग जीक लिंग आणि हो बो यांच्या संशोधनातून तो पुढे आला आणि युरोपीय औषधकोशाने २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र प्रकरण लागू केले. त्यात फॅक्टर-जी नसल्याने ग्लुकनची कटकट उरत नाही. त्यांनी ज्या प्राण्याचे जनुक घेतले, तो हॉर्सशू क्रॅब ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरही सापडतो.

डायलिसिसचे पाणी

ठाणे-नवी मुंबईतील प्रयोगशाळांकडे औषधांखेरीज येणारा मोठा वाटा रुग्णालयांच्या डायलिसिस युनिटमधील आरओ पाण्याचा असतो. पूर्वी त्यासाठी दर मिलिलिटरला २ युनिट चालत. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकांत मर्यादा ०.२५ असून ०.१२५ च्या पुढे गेले की उपाययोजना सुरू करणे अपेक्षित आहे. नमुना टाकीजवळच्या नळातून घेऊ नये, कारण जिवाणूंचा थर पाइपांच्या आत वाढतो. वितरण वळशाच्या, म्हणजे यंत्रांना पाणी पुरवून परत येणाऱ्या पाइपांच्या, परतीच्या टोकाशी, म्हणजे शेवटच्या यंत्रानंतर, घेतलेला नमुना खरी परिस्थिती सांगतो. पाणी काही वेळ वाहू द्यावे आणि एंडोटॉक्सिनमुक्त बाटलीतच भरावे. वळशाचे निर्जंतुकीकरण व्हायच्या आधीचे पाणी घ्यावे. लगेच नंतरच्या पाण्यात जंतुनाशक उरले तर ते लायसेटलाच निकामी करू शकते आणि रुग्णालयाला हवा असलेला, पण खोटा, उणे निकाल मिळतो. नमुना २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांच्या आत तपासावा. बाटली टॅक्सीच्या डिकीत मुंब्र्याच्या कोंडीत दोन तास तापत राहिली, तर त्यातले जिवाणू वाढत राहतात आणि आपण रुग्णालयाचे पाणी न मोजता प्रवासाची अवस्था मोजतो. म्हणून बर्फाच्या डब्यातील तापमान नमुना स्वीकारतानाच लिहून घ्यावे.

याच पानावर बाकीच्या नोंदीही कराव्यात: लायसेट, सीएसई, पाणी, टीपा यांचे लॉट क्रमांक आणि मुदत, नळ्यांच्या ओव्हन-भाराचा क्रमांक, ब्लॉकचे तापमान, विरलनाची प्रत्येक पायरी आकड्यांसह, प्रत्येक गटात लायसेट घातल्याची आणि नळी उलटी केल्याची वेळ. निकालाच्या रकान्यात बी आणि सी ची चिन्हे आधी भरावीत, डी चे त्यानंतर, आणि ए चे सर्वांत शेवटी.